फिरतंय तवर चालू हाय

६ जानेवारी, सोमवार

चेअरमनसाहेबांचा चेहरा गोल फिरवायचा आहे!

हे काम मला मिळालंय. इंजिनिअर झाले, सांगलीच्या विश्रामबागेत चार खुर्च्यांच्या कंपनीत तीन वर्षं काढली, आणि आज कारखान्याच्या मीटिंग हॉलमध्ये काजूच्या बशीसमोर बसून हे ऐकलं. कारखान्याचं नाव इथंही लिहीत नाही. सातारा जिल्ह्यातला एक साखर कारखाना, एवढं पुरे. वही अम्मीच्या हाती लागली तर चालेल. कंपनीचे मालक जयराजसर, त्यांच्या हाती लागली तर नोकरी जाईल.

झालं असं. आमचं सॉफ्टवेअर तिथल्या शेतकी खात्यात आणि अकरा गट ऑफिसांत चालतं. शेतकऱ्याचा नंबर टाकायचा, 'चिठ्ठी' हे बटण दाबायचं, की त्याच्या उसाला तोड आल्याची चिठ्ठी छापून येते. चिठ्ठी निघाली की मुकादमाच्या फोनवर मेसेज जातो, टोळी फडात पोचते, मागून ट्रॅक्टर. सगळं चांगलं आहे. फक्त बटण दाबल्यापासून चिठ्ठी येईपर्यंत चाळीस सेकंद जातात. तेवढा वेळ पडद्यावर एक छोटं गोल फिरत राहतं. त्याला आम्ही लोडर म्हणतो.

धैर्यशीलदादा म्हणजे चेअरमनांचे पुतणे. कारखान्याच्या आयटी समितीचे अध्यक्ष आणि एकमेव सदस्य. ते म्हणाले, "चाळीस सेकंद शेतकरी पडद्याकडं बघत बसतो. आणि आपण त्याला दाखवतो काय? रिकामं गोल! ही जागा फुकट चाललीय."

जयराजसर म्हणाले, "अगदी माझ्या मनातलं बोललात." सरांच्या मनातलं आजवर किती जण बोलून गेलेत!

ठरलं ते असं — लोडर ज्याला हवा तसा बदलता आला पाहिजे. फोटो, रंग, वेग, खाली एक ओळ. कुणी काहीच निवडलं नाही तर फोटो चेअरमनांचा.

८ जानेवारी, बुधवार

फोटो गोल फिरवला की साहेब दर फेरीला एकदा उलटे होतात. फेटा खाली, मिशा वर. मी आधीच सांगितलं होतं. तरी करून दाखव म्हणाले. दाखवलं. व्हिडिओ कॉलवर धैर्यशीलदादांनी आधी स्वतःचा फोन उलटा करून बघितला. मग — "साहेब उलटे?!"

उलटे होऊ नयेत म्हणून फोटो नुसता डावीकडे-उजवीकडे झुलवला. ते तर आणखी भारी! शेतकरी चिठ्ठी मागतोय आणि चेअरमन चाळीस सेकंद मान हलवून नाही-नाही म्हणतायत.

मग वर-खाली हलवून पाहिला. आता साहेब हो-हो म्हणायला लागले. सर घाबरले. "एवढं हो म्हणून चिठ्ठी आली नाही तर?"

शेवटी साहेब स्थिर. भोवतीनं उसाचं कांडं फिरतं. मंजूर!

९ जानेवारी

आज धीर केला. सरांना म्हटलं, चाळीस सेकंद लागतात ते का, माहीत आहे मला. एका चिठ्ठीसाठी आपला प्रोग्रॅम वीस वर्षांच्या सगळ्या नोंदी पहिल्यापासून वाचत येतो. ज्यानं जमीन विकली, जो वारला, त्याचाही ऊस बघून येतो. दोन दिवस द्या, चिठ्ठी दोन सेकंदांत काढून देते.

सर शांतपणे म्हणाले, "शाझिया, त्यांनी लोडर मागितलाय. चिठ्ठी दोन सेकंदांत आली तर लोडर बघणार कोण?"

मी लोडरची फाइल परत उघडली. संध्याकाळी घरी जाताना इस्लामपूरच्या एसटीत तेच वाक्य डोक्यात फिरत होतं. लोडरसारखं.

१३ जानेवारी, सोमवार

अकराही गट ऑफिसांत नवीन लोडर बसवले. सकाळपासून ड्रायव्हरबरोबर हिंडतेय. एका ठिकाणी क्लार्कनं आपल्या खिलार बैलाचा फोटो लावला. एकानं लग्नातला — बायकोला कापून! शेतकी अधिकाऱ्यांनी खालच्या ओळीत लिहून घेतलं : 'संयम ठेवा. — आदेशावरून.'

शेवटचं गट ऑफिस कारखान्यापासून नऊ किलोमीटरवर. एक खोली, एक पंखा, खिडकीबाहेर शेतकऱ्यांची रांग. तिथं राणीताई क्लार्क आहेत. पस्तिशीच्या असतील. रांगेतल्या प्रत्येकाला नावानं ओळखतात. मी त्यांना फोटो, रंग, वेग सगळं दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, मला आपलं साधं गोलच ठेवा. ते फिरतंय तवर कळतं, चालू हाय. मग मी रांगंतल्या माणसाला सांगती, थांबा, येतीय. त्यात फोटो कशाला?"

साधं हिरवं गोल ठेवलं. दिवसभरात हे एकच काम पटलं.

१४ जानेवारी

संक्रांत. धैर्यशीलदादांचा फोन — लोडरमधल्या चेअरमनांच्या हातात तिळगुळाची वाटी द्या. दिली.

१७ जानेवारी, शुक्रवार

कारखान्याची निवडणूक लागली! आचारसंहिता आजपासून.

निवडणूक अधिकाऱ्यांची माणसं दुपारपासून चेअरमनांचं नाव झाकत फिरतायत. पाण्याच्या टाकीवर कापड. बसथांब्यावर पोतं. ॲम्ब्युलन्सच्या दारावर कागद. आणि मग कुणीतरी त्यांना सांगितलं की साहेब कॉम्प्युटरमध्येपण आहेत.

त्यांनी सगळ्या मॉनिटरवर वर्तमानपत्र चिकटवलं! खळीनं!

सात ऑफिसांतून फोन. नंबर टाकायची जागापण झाकली गेलीय. एक क्लार्क म्हणाला, "अंदाजानं दाबतोय बगा. आत्ता कुणाची चिठ्ठी आली ते बाहेर आल्यावरच कळतं."

इथूनच सगळ्यांचे फोटो काढून टाकले. बैलसुद्धा. सगळीकडे जुनं, साधं गोल. चिकटवलेले कागद ओल्या फडक्यानं सोडवून घ्या म्हटलं.

२० जानेवारी, सोमवार

तक्रार आली. विरोधी गटाचे संचालक आप्पासो — फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त — यांनी लेखी दिलीय. सरांनी मला फोनवर पाठवली. जशीच्या तशी उतरवून ठेवते :

'विषय : संगणकावर फिरणारी अंगठी. संदर्भ : मी स्वतः पाहिले. १) आज ०९४० वाजता गट ऑफिसात सदर अंगठी चाळीस सेकंद फिरताना आढळली. २) अंगठी हे सत्ताधारी गटाचे मागील निवडणुकीतील चिन्ह आहे. ३) त्वरित बंदोबस्त व्हावा.'

चिन्हं अजून वाटलेलीच नाहीत. अर्जसुद्धा भरलेले नाहीत! पण सर म्हणाले, आकार बदल.

गोलाच्या जागी तीन पाती लावली.

२१ जानेवारी

तीन पाती म्हणजे पंखा. पंखा म्हणजे आप्पासोंच्या गटाचं चिन्ह. आता धैर्यशीलदादांची तक्रार.

तीन ठिपके लावले.

२२ जानेवारी

ठिपके म्हणजे वाटाणे. खरंच! निवडणुकीच्या यादीत वाटाणे हे चिन्ह आहे. मी स्वतः यादी मागवून वाचली. कपबशी आहे, छत्री आहे, शिट्टी आहे, ढोबळी मिरची आहे. जगातली कुठलीही वस्तू फिरवा, कुणाचा ना कुणाचा प्रचार होतो.

आडवी पट्टी भरत जाते तसं केलं. आप्पासो : 'बॅट.'

२४ जानेवारी, शुक्रवार

निवडणूक अधिकाऱ्यांनी सगळ्यांना बोलावलं. बिचाऱ्यांच्या टेबलावर माझ्या चार लोडरचे रंगीत प्रिंट मांडून ठेवलेले. त्यांनी पाचच मिनिटांत निकाल दिला. लेखी आदेश : 'निवडणूक प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत संगणकाच्या पडद्यावर कोणतीही आकृती, चित्र अथवा अनावश्यक हालचाल दिसणार नाही याची दक्षता घ्यावी.'

मी हात वर केला. म्हटलं, सर, मग चाळीस सेकंद पडदा नुसता थिजलेला दिसेल. माणसाला वाटेल बंद पडलं. तो परत बटण दाबेल. जितक्यांदा दाबेल तितक्या चिठ्ठ्या निघतील.

"त्यांना सूचना द्या, एकदाच दाबा म्हणून."

बाहेर आल्यावर जयराजसरांना म्हटलं, निदान एकदा दाबल्यावर बटण बंद करून ठेवते. फिकं होईल, मग दाबलंच जाणार नाही. सर म्हणाले, "फिकं झालं म्हणजे हालचाल झाली. आदेशात काय आहे? हालचाल नको. जेवढं लिहिलंय तेवढंच कर. जास्त शहाणपण केलं की दोन्ही गट आपल्यावर."

मी जेवढं लिहिलंय तेवढंच केलं. चार मिनिटांचं काम. बटणाला हात लावला नाही.

मला माहीत होतं.

२५ जानेवारी

सगळीकडे पोचलं. दिवसभर एक तक्रार नाही. सर खूश. समोसे मागवले.

३ फेब्रुवारी, सोमवार

राणीताईंना निलंबित केलं.

सर सांगत होते आणि मी उभीच. त्यांच्या ऑफिसातून नऊ दिवसांत एकोणीस जादा चिठ्ठ्या गेल्या. एकाच फडात दोन-दोन टोळ्या. दुसरी टोळी पोचते तेव्हा तोडायला काही नसतं, रिकामा ट्रॅक्टर परत येतो आणि ज्याची खरी पाळी त्याचा ऊस तसाच वाळत राहतो. लोकांनी गेटवर दंगा केला. आणि त्या एकोणिसांतली एक जादा चिठ्ठी कुणाची? राणीताईंच्या सासूची, शालूबाईंची. झालं! 'सुनेनं सासूला वशिल्यानं चिठ्ठ्या दिल्या.'

मी म्हटलं, सर, हे बटणामुळं झालंय.

"ऑपरेटरची चूक आहे. सूचना दिली होती, एकदाच दाबा."

त्यांनी पत्र तयारच ठेवलं होतं. 'संगणक प्रणाली निर्दोष असून...' खाली दोन जागा. एका ठिकाणी त्यांची सही झालेली. दुसरीकडे लिहिलेलं — प्रणाली विकसक.

सही केली.

लिहून ठेवते. केली. कुणी हात धरला नव्हता.

४ फेब्रुवारी

अब्बांना सांगितलं. ते दुकानात पंपाची मोटार बांधत होते, नवी तार गुंडाळत. चाळीस वर्षं जळालेल्या मोटारी बांधून देतायत, सगळं इस्लामपूर चांदसाहेब म्हटलं की दुकान दाखवतं. मान वर न करता ऐकलं. मग विचारलं, "तार तूच जोडलीवतीस ना?"

हो म्हटलं.

"मग गिऱ्हाइकाला सांगून ये."

८ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी होती. राणीताईंच्या गावी गेले. कराडला एसटी बदलून, पुढं वडापच्या जीपनं.

दारात शालूबाई पायरीवर बसून लसूण निवडत होत्या. सत्तरीच्या. नऊवारी, नाकात नथ नाही पण आवाजात आहे. मी कोण ते सांगितलं. त्यांनी एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. "म्हंजे तूच व्हय ती कॉम्प्युटरवाली. बस."

राणीताई आतून आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, मी एकदाच दाबलं असं मी म्हणणार न्हाई. तीन-तीनदा दाबलं. खिडकीत पन्नास माणूस, पडदा मेल्यागत. कळंचना काय चाललंय. तुमच्या ऑफिसला सात फोन केले. कुणी उचलंना."

आमच्या ऑफिसचा फोन सरांच्या टेबलावर असतो.

शालूबाई म्हणाल्या, "माझं सगळं मिळून पंधरा गुंठं. एका चिठ्ठीत रान मोकळं झालं. दुसरी टोळी आली सकाळी सकाळी. आता त्यास्नी काय देऊ तोडायला? बांधावरची बाभळ?" एवढ्यात त्यांनाच हसू आलं. मग थांबलं. "पर गावात त्वांड दाखवायला जागा न्हाई गं. दळण घेऊन गेले तर बाया गप हुत्यात."

मग मी सांगितलं. बटण बंद करता येत होतं. मला माहीत होतं काय होणार. आणि परवा आमच्या कंपनीचं ते पत्र आलं ना, त्याच्यावर माझी सही आहे.

राणीताई आत गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत.

चहा शालूबाईंनी केला. कप हातात देताना म्हणाल्या, "सही मागं घेता येती का?"

१० फेब्रुवारी, सोमवार

कोण किती वाजता बटण दाबतं याची नोंद प्रोग्रॅम आपोआप ठेवतो. सर जेवायला गेल्यावर सगळ्या ऑफिसांची काढली.

एकूण जादा चिठ्ठ्या दोनशे सहा. अकराही ऑफिसांत. सगळीकडे तोच प्रकार — दाबलं, सात सेकंदांनी परत दाबलं, दहा सेकंदांनी परत. राणीताईंच्या एकोणीस. अकरांत सगळ्यात कमी!

बाकीच्या दहा क्लार्कांना कुणी विचारलंसुद्धा नाही. त्यांतला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या संचालकाचा माणूस आहे. राणीताई परीक्षा देऊन लागल्यात.

नोंदींचे कागद काढले. 'दि. ३ च्या पत्रावरील माझी सही मी मागे घेत आहे' असं एक पान वेगळं लिहिलं. आधी कच्चं, मग पक्कं. अक्षर बरं आलंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चौकशी! सगळं नीट लिहून काढते.

समिती तिघांची. अध्यक्ष धैर्यशीलदादा. बरोबर शेतकी अधिकारी आणि विरोधकांतर्फे आप्पासो — निःपक्षपाती दिसावं म्हणून. एका बाजूला राणीताई, दाराशी शालूबाई. मी कागद ठेवले. जयराजसर माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे नाही.

धैर्यशीलदादांनी पहिलं पान चाळलं. "हे आकडे आम्हाला काय कळणार? एकदाच दाबा म्हणून सूचना होती. साधी गोष्ट आहे. मला सांगा, शिकलेला माणूस एकदाच दाबणार नाही का?"

मी म्हटलं, दादा, तुम्हीच एक चिठ्ठी काढून बघा.

ते हसत उठले. आता नंबर कुणाचा टाकायचा? म्हणाले साहेबांचाच टाकतो. चेअरमनांच्या स्वतःच्या उसाचा नंबर टाकला. बटण दाबलं.

पडदा थिजला. काही नाही. दादा उभेच. पाच सेकंद. दहा. "आलं का?" म्हणाले. दाबलं. "नेट गेलंय का?" दाबलं. शेतकी अधिकारी म्हणाले, "जरा जोरात दाबा." जोरात दाबलं. मग खुर्चीत बसून, चष्मा लावून, पुन्हा एकदा.

भिंतीवरच्या घड्याळात चाळीस सेकंद होत आले.

मग प्रिंटर सुरू झाला. एक चिठ्ठी. दुसरी. तिसरी. चौथी. पाचवी खाली घरंगळत आप्पासोंच्या बुटापाशी गेली. त्यांनी उचलून मोठ्यांदा वाचली — नाव चेअरमनांचं, फड चेअरमनांचा — आणि जे हसायला लागले ते थांबेचनात.

दादा म्हणाले, "ह्या रद्द करा." मी म्हटलं, मेसेज गेले. तेवढ्यात फोन वाजायला लागले. पाच मुकादम! "साहेबांच्या फडात पाचीच्या पाची टोळ्या घालू का वो? ऊस तेवढा हाय का?"

राणीताईंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत, कळलं नाही. मला दोन्ही वाटलं.

आता कुणी म्हणेल, सुटल्या! दुपारी निकाल आला : क्लार्कचा दोष आढळून येत नाही. मात्र निवडणूक अधिकाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, आचारसंहितेच्या काळात कामावर परत घेतल्यास घरातील मतदारास आमिष दाखवल्यासारखे होईल. म्हणून निलंबन तसंच राहील, आणि हा निकालही निवडणूक होईपर्यंत बंद पाकिटात.

काढताना आचारसंहिता आडवी आली नव्हती.

शालूबाईंनी दारातूनच विचारलं, "घरातला मतदार म्हंजे कोण? मीच का?"

शेतकी अधिकारी म्हणाले, हो आजी, सभासद तुम्हीच आहात.

"बरं झालं सांगितलंसा," म्हणाल्या आणि सुनेला घेऊन गेल्या.

१३ फेब्रुवारी

सर : "तू आपल्याच सॉफ्टवेअरविरुद्ध साक्ष दिलीस!" मग म्हणाले, आजच्या आज काढून टाकलं असतं. पण हा सगळा प्रोग्रॅम समजणारी कंपनीत मी एकटीच आहे. त्यामुळं मला काढता येत नाही, फक्त माझ्याशी बोलायचं बंद केलंय. फार शांत वाटतंय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. शालूबाईंनी अर्ज भरला! महिला राखीव जागेसाठी. सूचक गावातलीच एक बाई, मिरचीकांडपवाली. राणीताईंनी फोनवर सांगितलं — मी सहीचं सांगितलं त्या दिवसानंतर पहिल्यांदाच बोलल्या माझ्याशी. "मी लय नको म्हटलं. ऐकंनात. तिथं समदी हसली त्यांना."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कुणाला न विचारता वेगाचं काम केलं. दोन दिवस म्हटलं होतं, दीडच लागला. वीस वर्षांच्या नोंदी बाजूला ठेवल्या, फक्त यंदाचा ऊस वाचायचा. चिठ्ठी आता दीड सेकंदात येते. बटण दुसऱ्यांदा दाबायला वेळच मिळत नाही.

तीन ऑफिसांतून लगेच तक्रारी. "मॅडम, कायतरी बिघडलंय. चिठ्ठी लगीच आली."

मग धैर्यशीलदादा. "चांगलंय, चांगलंय. पण निवडणुकीनंतर साहेबांचा फोटो परत लावायचाय. दीड सेकंदात काय दिसणार? तेव्हा दहा-बारा सेकंद थांबवायची सोय ठेवा."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दोन्ही गट परवापासून पाचगणीत एका बंगल्यात बसलेत. स्ट्रॉबेरी खात खात समझोता झाला. निवडणूक बिनविरोध! एकवीस जागा — अकरा चेअरमनांच्या, दहा आप्पासोंच्या. 'सभासदांच्या हितासाठी.' शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत बाकीच्यांनी अर्ज मागं घ्यायचे. बॅनर छापायला गेलेसुद्धा.

सरांनी आज मौन सोडलं. नवीन काम आलंय — लोडरमध्ये आता दोन्ही नेत्यांचे फोटो, समोरासमोर, हसताना. आप्पासोंची आगाऊ सूचना : डावीकडे कोण, उजवीकडे कोण, हे लेखी ठरवावे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सगळ्यांनी अर्ज मागं घेतले. एक उरलाय.

राणीताईंचा फोन. काल चेअरमनांची माणसं घरी आली, आज आप्पासो स्वतः. "आजी, अर्ज मागं घ्या. सुनंला सोमवारी कामावर घेतो." शालूबाई म्हणाल्या, "घेऊ नका. तिची चूक नव्हती एवढं लिवून द्या, आन् ते गेटवर लावा." आप्पासो म्हणाले, लिहून कशाला, शब्द आहे. लिहून दिलं तर मग कुणाची चूक होती तेही लिहावं लागेल ना! त्यावर शालूबाईंनी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं.

"उद्या गाडी घिऊन येणार हाईत," राणीताई म्हणाल्या. "उचलूनच नेत्याल सहीला. काय करावं कळंना."

मी म्हटलं, शालूबाईंना फोन द्या जरा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपार.

सरांना ताप आल्याचं कळवलंय.

सकाळपासून तीन गाड्या शालूबाईंना शोधतायत. शेतात, देवळात, माहेरी, लेकीच्या घरी. कुणालाच सापडल्या नाहीत. राणीताईंनाही ठावठिकाणा माहीत नाही — मुद्दामच सांगितला नव्हता.

पहिल्या एसटीनं आमच्याकडे आल्या, एक पिशवी घेऊन. अम्मीनं वाढलेली भाकरी-आमटी पोटभर जेवल्या. "तीन वाजले की उठीव," म्हणाल्या आणि आतल्या खोलीत पडल्या.

तीन वाजून पाच झालेत. अर्ज मागं घ्यायची मुदत संपली. मतदान होणार.

उठवते आता.